महाबळेश्वरला पाऊस, महाडला पूर: धोक्याचा इशारा हिरकणीवाडीपर्यंत नेमका कसा पोहोचतो?

रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. रोपवेचं खालचं स्थानक इथंच असल्यामुळे गडावर जाणाऱ्या पर्यटकांना हे नाव ठाऊक असतं. पावसाळ्यात मात्र इथला प्रश्न वेगळा असतो. डोक्यावर रायगडाचा कडा, आजूबाजूला डोंगरउतार आणि मोठा बाजार, रुग्णालय, तहसील कार्यालय अशा कामांसाठी सुमारे २५ किलोमीटरवरचं महाड. महाडमध्ये पाणी शिरलं की डोंगरातल्या वाड्यांना मदत मिळण्याचा रस्ताच अडतो.

महाडला पूर आणणारी सावित्री नदी उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. तिथून ती पोलादपूरमार्गे महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. रायगडाच्या परिसरातलं पाणी घेऊन येणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्याही महाडजवळ तिला मिळतात. थोडक्यात, पाऊस एका जिल्ह्यात पडतो आणि त्याचे परिणाम दुसऱ्या जिल्ह्यात दिसतात.

आता यात सरकारी खाती किती येतात ते पाहा. पावसाचा अंदाज आणि मोजणी हवामान विभागाकडे. नद्या आणि धरणं जलसंपदा विभागाकडे. दरडींचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. लोकांना हलवण्याचा निर्णय जिल्हा प्रशासनाकडे. प्रत्येकाची माहिती वेगळ्या सर्व्हरवर. या सर्व्हरनी एकमेकांशी वेळेत बोलणं, हा म्हणूनच फक्त संगणकवाल्यांचा विषय राहत नाही. दरडीच्या छायेतल्या घरांसाठी तो जगण्या-मरण्याचा विषय आहे.

२२ जुलै २०२१ रोजी काय झालं होतं?

त्या दिवशी, गुरुवारी, महाड तालुक्यातल्या तळिये गावाच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली. ८० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथंही दरडी कोसळून जीव गेले. महाड शहर पाण्याखाली होतं. वीज आणि मोबाइल नेटवर्क कोलमडलं होतं. रस्ते बंद असल्यामुळे तळियेपर्यंत मदत पोहोचायला बराच वेळ लागला.

या आपत्तीबद्दल एक आकडा नेहमी सांगितला जातो: महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस. पण हा आकडा कधी तयार झाला? हवामान विभागाची दिवसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी असते. म्हणजे हा आकडा २३ जुलैच्या सकाळी पूर्ण झाला. तोपर्यंत कोंढाळकरवाडी ढिगाऱ्याखाली गेली होती.

हवामान विभागाने त्या दिवसांत कोकणाला अतिवृष्टीचे इशारे दिले होते. त्यामुळे ‘इशाराच नव्हता’ असं म्हणता येत नाही. प्रश्न असा आहे, की इशारा किती नेमका होता, किती लवकर पुढे सरकला आणि तो कोणत्या पातळीपर्यंत उतरला.

सर्व्हर एकमेकांशी बोलतात म्हणजे काय करतात?

वेब सर्व्हर हा चोवीस तास चालू असलेला संगणक असतो. कुणी पत्ता देऊन मागणी केली की तो उत्तर पाठवतो. आपण मोबाइलवर संकेतस्थळ उघडतो तेव्हा हेच घडतं. फरक इतकाच, की आपल्यासाठी येणारं पान डोळ्यांनी वाचायचं असतं. त्यात रंग, चित्रं, बटणं असतात. एक सर्व्हर दुसऱ्याकडे मागणी करतो तेव्हा त्याला या सजावटीचा काही उपयोग नसतो. त्याला हवा असतो नेटका मजकूर: ठिकाण अमुक, वेळ अमुक, पाऊस इतका.

असा मजकूर लिहिण्याच्या दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात, एक्सएमएल आणि जेसन. दोन्ही म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल. प्रत्येक आकड्याला नावाची चिठ्ठी लावलेली असते. त्यामुळे वाचणाऱ्या संगणकाला ‘६५’ म्हणजे मिलिमीटर की किलोमीटर, असा प्रश्न पडत नाही.

ही फाइल आणून पुढे पाठवण्याचं काम करते ती स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचनांची छोटी यादी. पायथन किंवा पीएचपी येणारा विद्यार्थी ती काही डझन ओळींत लिहू शकतो. तिचं काम साधारण असं चालतं:

पहिलं पाऊल घड्याळाचं. सर्व्हरमध्ये ‘क्रॉन’ नावाची सोय असते. ‘दर दहा मिनिटांनी ही स्क्रिप्ट चालव’ असं तिला सांगून ठेवता येतं.

दुसरं पाऊल मागणीचं. स्क्रिप्ट समोरच्या सर्व्हरला विचारते, नवीन काही आहे का? उत्तरासोबत एक क्रमांक येतो. २०० म्हणजे माहिती मिळाली, ३०४ म्हणजे मागच्या वेळेपासून बदल नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही.

तिसरं पाऊल निवडीचं. आलेल्या यादीतून रायगड जिल्ह्याला लागू असलेले, मुदत न संपलेले इशारे वेगळे काढायचे.

चौथं पाऊल नोंदीचं. प्रत्येक इशाऱ्याचा ओळख क्रमांक जपून ठेवायचा, म्हणजे तोच इशारा पुन्हा पुन्हा पाठवला जात नाही.

पाचवं पाऊल पाठवणीचं. नवा इशारा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर, एसएमएस यंत्रणेकडे किंवा गावाच्या टेलिग्राम गटावर ढकलायचा.

दर दहा मिनिटांनी विचारायचं, की निरोपाची वाट पाहायची?

एसटीने पार्सल येणार असेल तर दोन मार्ग असतात. दर तासाला स्टँडवर जाऊन चौकशी करायची, किंवा पार्सल उतरवून घेणाऱ्याला सांगून ठेवायचं, ‘आलं की फोन कर.’ सर्व्हरमध्येही हेच दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात स्क्रिप्ट ठरावीक वेळाने विचारत राहते. हा सोपा आणि भरवशाचा मार्ग. दोष असा, की दोन फेऱ्यांच्या मधला वेळ वाया जातो. दुसऱ्या मार्गात माहिती तयार होताच मूळ सर्व्हर स्वतः पुढच्या सर्व्हरला कळवतो. हा वेगवान मार्ग. पण त्या क्षणी पुढचा सर्व्हर बंद असेल तर निरोप हुकू शकतो. म्हणून चांगल्या यंत्रणेत दोन्ही वापरतात: निरोप येईल तेव्हा येईल, तरी अधूनमधून जाऊन खात्री करायची.

सगळ्यांना समजेल अशी एकच भाषा

प्रत्येक खात्याने आपापल्या पद्धतीने फाइल लिहिली तर प्रत्येकासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागेल. या अडचणीवर जगाने काढलेला तोडगा म्हणजे ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’, थोडक्यात कॅप. २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती मान्य झाली. सध्या प्रचलित असलेली १.२ ही आवृत्ती २०१० ची आहे. पूर, वादळ, त्सुनामी, वणवा अशा कुठल्याही धोक्याचा इशारा या एकाच साच्यात लिहिता येतो.

साच्यातले रकाने पाहिले की त्यामागचा विचार लक्षात येतो. इशारा कुणी दिला, कधी दिला, तो खरा आहे की सराव आहे, नवा आहे की आधीच्या इशाऱ्यातली दुरुस्ती आहे की रद्दबातल केल्याची सूचना आहे, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत येतं. धोका किती जवळ आला आहे, किती मोठा आहे आणि किती खात्रीचा आहे, हेही तीन स्वतंत्र रकाने आहेत. मुदत कधी संपते, हा आणखी एक. शिवाय एकाच इशाऱ्यात मराठी, हिंदी, इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी ठेवता येतो.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा याच साच्यावर चालते. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ती उभारली. हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग अशा संस्थांचे इशारे तिच्यात एकत्र येतात आणि राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांमार्फत त्या त्या भागातल्या मोबाइलपर्यंत जातात.

याच्या जोडीला ‘सेल ब्रॉडकास्ट’ हे तंत्र आहे. त्यात मोबाइल नंबरांची यादी लागत नाही. टॉवरच्या टप्प्यात असलेल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी संदेश उमटतो आणि मोठा आवाज होतो. २० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातल्या अनेकांचे फोन असे अचानक वाजले. तो चाचणी संदेश होता. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती.

मग अडतं कुठे?

माहिती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणं अवघड नाही. दोन्ही टोकांना ती कशा रूपात आहे, अडचण तिथं आहे.

पहिली अडचण, माहितीचं चित्र. कितीतरी कार्यालयं पावसाचे तक्ते पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात देतात. कागदावर सही-शिक्का मारून त्याचा फोटो गटावर टाकला जातो. माणसाला तो वाचता येतो. स्क्रिप्टसाठी ते फक्त ठिपके असतात. चित्रातून आकडे काढणारी साधनं आहेत, पण ३ चा ८ झाला तर? पावसाच्या आकड्यात ही चूक परवडणारी नाही. तीच गोष्ट जुन्या मराठी फॉन्टची. युनिकोडमध्ये नसलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की अगम्य चिन्हं होऊन बसतो.

दुसरी अडचण, वेळेची. हवामानाची यंत्रणा जगभर यूटीसी या समान वेळेवर चालते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हा फरक विसरला, तर रात्री साडेअकरापर्यंत लागू असलेला इशारा संध्याकाळी सहालाच मुदत संपली म्हणून गाळला जाईल. स्क्रिप्ट बंद पडणार नाही, तक्रारही करणार नाही, फक्त चुकेल.

तिसरी अडचण, गप्प बसलेली स्क्रिप्ट. समोरच्या सर्व्हरचा पत्ता बदलला, पासवर्डची मुदत संपली, फाइलमधल्या एका रकान्याचं नाव बदललं, की माहिती येणं थांबतं. पडद्यावर मात्र कालचाच आकडा दिसत राहतो. ‘पाऊस नाही’ आणि ‘पावसाची माहिती नाही’ या दोन गोष्टी दिसायला सारख्या होतात. म्हणून चांगली स्क्रिप्ट आकड्याशेजारी तो कधी आला हे दाखवते आणि ठरावीक वेळ नवीन काही आलं नाही तर स्वतःच बोंब मारते.

चौथी अडचण, चुकीचा इशारा मागे घेण्याची. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून फोनवर गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश त्याच फोनवर पोहोचायला ३८ मिनिटं लागली. इशारा देण्याइतकीच तो रद्द करण्याची वाटही तयार लागते, हा त्यातला धडा.

वाडीचा पत्ता सर्व्हरला कळतो का?

महाड-पोलादपूरच्या दृष्टीने पाचवी अडचण सर्वांत मोठी आहे: जागेची.

हिरकणीवाडी रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिता येते. एका सर्व्हरवर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गावं आहेत. म्हणून गावांना नावाऐवजी क्रमांक दिले जातात. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त प्रत्येक जिल्हा, तालुका, महसुली गाव आणि ग्रामपंचायतीला असा क्रमांक आहे.

पण कोकणातली वस्ती गावात कमी आणि वाड्यांत जास्त विखुरलेली असते. एका महसुली गावात डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना अनेक वाड्या असतात. दरड संपूर्ण गावावर येत नाही, एका वाडीवर येते. तळियेत ती कोंढाळकरवाडीवर आली. क्रमांक गावाशी संपत असेल, तर इशारा वाडीचं नाव घेऊ शकत नाही.

आणि इशारे तर त्याहून वरच्या पातळीवर, बहुतेकदा जिल्ह्याला दिले जातात. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. मुंबईला लागून असलेलं उरण-पनवेल आणि सह्याद्रीच्या कुशीतलं पोलादपूर यांना नकाशावर एकच रंग मिळतो. भर पावसाळ्यात तो नारिंगी किंवा लाल वारंवार होतो. दर वेळी घर सोडणं कुणालाच शक्य नसतं. चार वेळा काही झालं नाही की पाचव्या वेळी लोक लक्ष देत नाहीत.

यावरचा उपाय त्याच साच्यात आहे. कॅपमध्ये जागा सांगण्यासाठी नकाशावर बहुभुज आकृती काढण्याची सोय आहे. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिले की झालं. रायगड किल्ला साधारण १८.२३ अंश उत्तर आणि ७३.४४ अंश पूर्वेला आहे. असा एक बिंदू आकृतीच्या आत आहे की बाहेर, हे शोधणं शाळेतल्या भूमितीचं काम आहे. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ ओढायची आणि ती आकृतीच्या कडा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. विषम संख्या आली तर बिंदू आत, सम आली तर बाहेर. स्क्रिप्ट हे क्षणात करते. त्यासाठी वाडीला सरकारी क्रमांक असण्याचीही गरज नाही. वाडी नेमकी कुठे आहे, एवढी नोंद पुरते.

मात्र आकृती लहान काढायची तर पावसाची मोजणीही जवळची आणि ताजी हवी. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. त्यांचा मुख्य हेतू शेतीचा सल्ला आणि पीकविमा हा होता. तिथल्या तासागणिकच्या नोंदी वाचता येतील अशा रूपात आपत्ती यंत्रणेला सलग मिळाल्या, तर डोंगरातल्या पावसाचं चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नव्हे, त्याच दुपारी दिसेल. महाबळेश्वरच्या नोंदी साताऱ्याच्या पडद्याइतक्याच वेगाने महाडच्या पडद्यावर यायला हव्यात, ते यासाठीच.

यानेही दरड सांगता येईलच असं नाही. ती पावसाबरोबरच माती, खडक, उतार आणि त्या उतारावर झालेल्या खोदकामावरही अवलंबून असते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. त्याची सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून झाली. सह्याद्रीसाठी असा अंदाज बांधायचा तर तासागणिक पावसाची जुनी आणि नवी नोंद हाच त्याचा कच्चा माल असेल.

शेवटचा टप्पा माणसांचा

२०२१ मध्ये महाडचं मोबाइल नेटवर्क गेलं, तेव्हा कितीही चांगली स्क्रिप्ट असती तरी शेवटचा निरोप फोनवर पोहोचला नसता. म्हणून संदेश नेटवर्क असेपर्यंत, म्हणजे काही तास आधी गावात जायला हवा. तिथून पुढे तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, ‘आपदा मित्र’ स्वयंसेवक, देवळातला भोंगा यांचं काम सुरू होतं. इशारा मिळाला की कुणी कुणाला सांगायचं, लोकांनी कुठे जायचं, गुरांचं काय करायचं, म्हाताऱ्यांना कोण आणणार, हे आधी ठरलेलं नसेल तर अचूक अक्षांश-रेखांशाचाही उपयोग नाही. आणि पावसाळाभर जाऊन-येऊन राहता येईल अशी जागा नसेल, तर लोक पुन्हा त्याच घरात परततील.

इशारा फॉरवर्ड करण्याआधी काय पाहायचं?

व्हॉट्सॲपवर फिरणारं इशाऱ्याचं चित्र मूळ इशाऱ्यापासून तुटलेलं असतं. मूळ सर्व्हरवर इशारा बदलतो, रद्द होतो, त्याची मुदत संपते. चित्र तसंच राहतं. म्हणूनच दोन वर्षांपूर्वीचा लाल नकाशा आजचा म्हणून फिरतो. पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी पाहता येतात.

एक, इशारा कधी दिला? नुसता वार नको. तारीख, वर्ष आणि वेळ हवी.

दोन, तो कधीपर्यंत लागू आहे?

तीन, कोणत्या भागासाठी आहे? जिल्हा, तालुका की त्याहून लहान?

चार, मूळ कुठे आहे? हवामान विभागाचं संकेतस्थळ किंवा ‘सचेत’वर तो आत्ता दिसतो का? दिसत असेल तर चित्राऐवजी तिथला दुवा पाठवणं चांगलं. दुवा उघडणाऱ्याला ताजी स्थिती कळते.

हेच चार प्रश्न प्रशासनालाही विचारता येतात. आपल्या मंडळातला पाऊस तासागणिक कुठे पाहायला मिळतो? तो फोटोत आहे की वाचता येईल अशा फाइलमध्ये? शेवटची नोंद किती वाजताची आहे? आणि आपली वाडी त्या नकाशावर बिंदू म्हणून आहे का? पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत विचारायला हे प्रश्न साधे आहेत. बहुतेकांच्या उत्तरासाठी नवी इमारत लागत नाही, मोठी निविदाही लागत नाही. असलेली माहिती वेळेवर, नीट आणि सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी ठेवावी लागते. पुढचं वाहून नेण्याचं काम काही डझन ओळींची स्क्रिप्ट करू शकते.